दहा वाजताचा पतंग

वीज खात्यात तेवीस वर्षं काढली,
म्हणजे पतंगांशी ओळख जुनीच.
खांबावरच्या दिव्याच्या टोपीत त्यांचा भुगा साचतो,
तो मी बोटांनी उपसलाय,
भाजल्या पिठासारखा, मधेच एखादा फडफडणारा.
मला वाटायचं पतंग म्हणजे एवढंच:
दिवा दिसला की अक्कल संपली.

करंझोळच्या वाटेवर, कुळागराच्या वरच्या अंगाला
एक आहे, ज्याचं आमच्या खात्याशी काही देणंघेणं नाही.
रात्री पानाखाली उलटा.
सकाळी दहाला उठतो,
पोफळींमधून ऊन जिथे वाटीभर सांडतं
तिथे संथ उडतो,
पाऊस नसताना कुणी उगाच छत्री उघडावी तसा.
काळ्यात निळं, निळ्यात हिरवं,
आणि मानेला लाल कड.

गेल्या साली पणजीहून दोघं आले होते.
पांढरी चादर, जनरेटर, वही.
रात्रभर मोजले, एकशे चाळीस जाती म्हणाले.
हा आला नाही.
सकाळी चादरीची घडी करताना त्यांच्या डोक्यावरून गेला,
त्यांना फुलपाखरू वाटलं.
मी बोललो नाही. माझी गाडी पंक्चर होती.

मला तो दाखवला सुलक्षा गांवकारनं.
मीटर वाचायला गेलो, तेव्हा ती किल्लं चिरत बसलेली,
बांबूचे कोवळे कोंब, गवताच्या काडीइतके बारीक.
"धरून बघ," म्हणाली, "मग हात तोंडाला लावू नको."
धरला. धडपडला नाही.
मानेतून पिवळा फेस आला,
बुडबुडे मोजता येतील इतका सावकाश,
आणि कडू बियांचा वास.
"ह्यांनाही तीन पाणी लागतात," परातीकडे बघत ती म्हणाली,
"दोघांचं विख एकाच घरचं."
सोडला, तर पुन्हा त्याच पानावर जाऊन बसला.

त्याच्या अळ्या एकाच जातीच्या झाडावर.
सुलक्षा त्याला सालें म्हणते,
खात्याच्या यादीत ते 'इतर' मध्ये येतं.
ओहोळापासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत अशी नऊ झाडं.
त्यापलीकडे तो मला कधी दिसला नाही.
नऊ झाडांचा तालुका.

ह्या महिन्यात वरून नवी लाइन जायची आहे.
माझ्या हातात लाल रंगाचा डबा दिला,
दोन्ही बाजूंना साडेसात मीटर,
मधे येईल त्यावर फुली.
पाच सालेंवर मारली.
सहाव्यावर तो बसला होता, उन्हाची वाट बघत.
रंग ब्रशवरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे.
त्याच्या मानेवरचं लाल म्हणतं, लांब राहा.
पाखरांना ते कळतं, सरड्यांना कळतं,
सुलक्षाच्या कोंबडीला एका चोचीत कळलं होतं.
आमच्या डब्यातलं लाल म्हणतं, हे न्या.

दहा वाजेपर्यंत थांबलो.
तो उडाला.
झाड रिकामं झालं, आता फुली मारायला हरकत नव्हती.

संध्याकाळी वाळपईच्या ऑफिसात शिरोडकारनं आकडा विचारला.
पाच, म्हणालो.
"नऊ होती ना?"
बाकीची साडेसातच्या बाहेर.
"टेप कुणी धरली?"
मी हात पुढे केला. नखांत रंग तसाच होता.
त्यानं फाइलवर काहीतरी लिहिलं,
'मंजूर' किंवा 'पुन्हा मोजा'.
त्याचं अक्षर मला कधी लागलं नाही.

घरी येऊन हात धुतले.
तीन पाणी लागली.